मिरजेत बदली झालीय. गाणं कुठं ऐकू, आणि तानपुरा घेऊ की ॲपवर भागवू?

बदलीवाली

नमस्कार मंडळी. जूनमध्ये बँकेतून बदली होऊन सांगलीला आले. घर मात्र मिरजेत मिळालं. मूळची नाशिकची. लग्नाआधी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली होती, विशारदचा फॉर्म भरला आणि तिथेच राहिलं. मग संसार, बँकेच्या परीक्षा, प्रमोशन, मुलीची दहावी-बारावी. आता मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. संध्याकाळी घरात मी आणि फ्रिज. परवा लक्षात आलं की फ्रिज साधारण पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, गुणगुणतो. त्याच्याच जोरावर सा लावून पाहिला आणि इतकी वर्षं गळा बंद ठेवल्याचं फळ समोर आलं.

नाशिकला असताना मिरज म्हटलं की तानपुरा एवढंच डोक्यात यायचं. आमच्या गाण्याच्या बाईंची तानपुऱ्यांची जोडी इथलीच होती. इथं आल्यावर दोन महिने बँक ते घर एवढंच केलं, गाव पाहिलंच नाही. तर विचारायचं असं: इथं आजही गाणं ऐकायला मिळतं का, म्हणजे वर्षातून एकदाचा मोठा महोत्सव सोडून? आणि खरा तानपुरा घ्यावा का? मोबाइलवर ॲप आहे, चांगलं वाजतं. विशीत सुटलेलं गाणं पन्नाशीत धरताना वाद्यावर खर्च करणं हा वेडेपणा तर नाही ना? कुणाकडून घ्यावा तेही सांगा. दुकानांच्या पाट्या बऱ्याच दिसल्या, पण मला त्यातलं काही कळत नाही.

पंचगंगाकाठ

गाणं ऐकायचं तर सरळ कोल्हापूरला या की ओ. आमचा देवल क्लब, गाण्याची संस्था, 1883 सालची. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथंच राहिले. मिरजेत वाद्यं होतात, वाजवायला माणसं कोल्हापुरात येतात. (हलकं घ्या.)

मागचा_तानपुरा

ताई, पाव्हण्यांचं ऐका, कोल्हापूरला जरूर जा, तासाभराची गाडी आहे. देवल क्लबात चांगली बैठक असली तर आम्हीही जातो. पण झोपायला परत मिरजेतच या.

आधी सांगतो, मी गवई नाही. रेल्वेत होतो, मिरज स्टेशनात पार्सलला बरीच वर्षं काढली. आणि तीसेक वर्षं गावात कुठं बैठक असली की मागं तानपुऱ्याला बसतो. पेपरात फोटो आला तर माझं अर्धं तोंड येतं, अर्धं गवयाच्या खांद्याआड. घरातली मंडळी त्या अर्ध्यावरनं ओळखतात.

तानपुऱ्याशी माझी गाठ पडली ती पार्सलातनंच. नवा लागलो होतो तेव्हा सतारमेकर गल्लीतनं लाकडी पेट्या यायच्या, आत गवत ठासून भरलेलं. वजनाला काहीच नाही आणि जागा मात्र दोन माणसांची खाणार, त्यामुळं हमाल वैतागायचे. पावतीवर गावं लिहायचो मी: हुबळी, दादर, दिल्ली, कलकत्ता. तारा सैल करून पाठवायचे, तरी पेटी फलाटावर टेकवली की आतनं बारीक झंकार यायचा. आणि उलट बाजूनं, पंढरपूरकडनं नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं भोपळे यायचे. हा खायचा भोपळा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला नदीकाठानं घेतात. नदीकाठचा शेतकरी, आमची गाडी, गल्लीतला कारागीर आणि मग कुठंतरी कलकत्त्याचा गवई, ही सगळी साखळी मला पार्सलच्या वहीत दिसायची. गाणं तोवर रेडिओवरचं, तेही बातम्यांची वाट बघताना ऐकलेलं.

एका म्हाताऱ्या कारागिराला मी विचारलं, चाचा, हे एवढं भोपळ्याचं काय करता? ते म्हणाले, ड्युटी सुटली की ये. गेलो, आणि मग जातच राहिलो.

ती गल्ली कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण पाट्या वाचताना उपयोगी पडेल. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानात हत्यारांचं काम आटलं. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ हातच्या कसबाला दुसरं काम शोधत होते. मिरजेचे पटवर्धन गाण्याचे शौकीन, दरबारात गवई येणार, त्यांची वाद्यं मोडणार, दुरुस्ती करायची कुणी? ती या लोकांनी धरली, मग नवी वाद्यं करायला लागले. 1850 च्या आसपासची गोष्ट. पुढं आडनावंच सतारमेकर झाली. सतारमेकर म्हणतात, पण खरं नाव काढलं ते तानपुऱ्यानं. तलवारीची धार बघणारा डोळा घोडीकडं वळला असं मी समजतो. हे माझं मत, कुणी इतिहासकाराला विचारू नका.

आता घोडी म्हणजे काय, तेवढं समजून घ्या, मग तानपुरा घ्यायचा की नाही ते तुम्हीच ठरवाल. चारही तारा ज्या पट्टीवरनं जातात ती घोडी. तिचा माथा बघायला सपाट दिसतो, पण त्याला केसभर उतार असतो. तार त्या उतारावर धड टेकलेलीही नसते आणि धड सुटलेलीही नसते, घासत थरथरते. ती झणक त्या घासण्यातनं येते. तो उतार काढणं म्हणजे जवारी काढणं. कारागीर कानशीनं दोन हात मारतो, तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा दोन हात मारतो. एक हात जास्त पडला तर घोडी फेकायची. मोजपट्टी नाही, यंत्र नाही. वर तारेखाली सुती दोरा सरकवायचा, तो कुठं थांबवायचा तेही कानावर. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. चाचा विचारायचे, उघडली का? मी उगाच हो म्हणायचो. त्यांना कळायचं.

सहा-आठ महिन्यांनी एकदा खरोखर उघडली. खर्जाची, म्हणजे खालच्या साची, तार छेडली आणि तिच्यातनं गंधार, म्हणजे ग, ऐकू आला. कुणी गंधाराला हात लावलेला नाही, चार तारांत गंधार नाहीच, तरी ऐकू येतोय. मी चाचांकडं बघितलं. ते नुसते हसले आणि चहा सांगितला. त्या दिवसापासनं मी तानपुऱ्याला बसतोय.

तुमचा खरा प्रश्न, ॲप की तानपुरा. ॲप वाईट नाही. पहाटे बिऱ्हाडात, शेजारी झोपलेले असताना, ॲपसारखी सोय नाही. पण ॲप उतरत नाही, आणि तीच त्याची अडचण. तानपुरा रोज उतरतो. आमच्याकडं पावसाळ्यात तर सकाळी लावलेला दुपारी उतरतो. मग बसून तो मिळवावा लागतो, आधी खुंटीनं, मग मणी सरकवत. पंधरा मिनिटं जातात. तुम्हाला वाटेल वेळ वाया गेला. पण त्या पंधरा मिनिटांत जो कान तयार होतो तो गळ्याच्या आधी लागतो. इतक्या वर्षांनी परत येताय ना, तुमचा गळा नंतर बघू, आधी कानाला कामाला लावा.

दुकानाचं नाव मी सांगणार नाही, सगळे ओळखीचे आहेत, उद्या गल्लीतनं जाता येणार नाही. पण घेताना एवढं करा. तुमचा सूर कोणता ते आधी ठरवा. बायकांना बहुतेक काळी चार-पाचच्या आसपासचा लागतो, त्याचा भोपळा आणि दांडी लहान असते. पुरुषी जोडी काळी एकची, तिच्यावर काळी पाच चढवायला गेलात तर तारा तुटतील. पॉलिश आणि नक्षी बघू नका. डोळे मिटून बसा आणि खर्ज ऐका. एक तार छेडल्यावर आवाज लगेच मेला तर नको. आणि कारागिराला सांगा, माझ्यासमोर जवारी लावून द्या. जो तयार होईल आणि तुम्हाला बसायला पाट देईल, त्याच्याकडनं घ्या. वर्षातनं एकदा वाद्य घेऊन परत जायचं, जवारी झिजते. बाहेरगावच्या लोकांना त्यासाठी प्रवास करावा लागतो, तुम्ही गावात राहता, हे केवढं सुख आहे.

ऐकायचं कुठं? मिरजेत दोन मोठ्या गोष्टी आहेत. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातला उरूस. उरूस चंद्राच्या तारखेनं असतो, त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, पंचांगात नाही तर दर्ग्यात विचारा. पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो, ही आमच्या गावची जुनी रीत. त्याच उरसात किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. झाडाखाली, उघड्यावर. तिकीट नाही, मांडी घालून बसायचं, थंडी असली तर शाल आणायची. एका वेळेला तुमच्या शेजारी फुलांची टोपली घेतलेला माणूस, कडेवर पोर घेतलेली बाई आणि पुण्याहून आलेले दर्दी, असे सगळे बसलेले असतात. हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी या झाडाखाली गायलेत. इथं गाणं ही मैफल नसते, हजेरी असते. बिदागीचं कुणी बोलत नाही.

खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, पण मिरजेचे झाले. हिराबाईंचा जन्मही इथलाच, 1905 चा. बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले तेही त्याच साली, मिरजेतच. विनायकबुवा पटवर्धन मिरजेचे. आणि कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे फटाक्यानं अधू झाले, उपचाराला म्हणून मिरजेत आणलं, ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकूनच बाहेर पडले. पुढं लाहोरला 1901 मध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. तुम्ही मध्यमा दिलीत ना ताई, त्या परीक्षेचं मूळ शोधत गेलात तर असं आमच्या गावात येऊन पोचता.

खाँसाहेबांची एक गोष्ट मला नोकरीमुळं जास्त लागते. 1937 सालच्या ऑक्टोबरात ते मद्रासकडनं पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखायला लागलं, तसे सिंगपेरुमाळकोइल या लहान स्टेशनावर उतरले. फलाटावरच तानपुरा लावून घेतला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि गेले. 27 ऑक्टोबर. तिथनं त्यांना मिरजेला आणलं, दर्ग्याच्या आवारात दफन केलं. मी इतकी वर्षं फलाटावर काढली. रात्रपाळीला गाड्या नसायच्या तेव्हा हमखास मनात यायचं, त्या फलाटावर तानपुरा लावून कुणी दिला असेल? कुणीतरी माझ्यासारखाच मागं बसणारा असणार. त्याचं नाव मला अजून कुठं वाचायला मिळालेलं नाही.

लांबलं. बाकी उद्या. एक कबुली देऊन टाकतो: एका सभेला पहाटे चारच्या सुमाराला मला डुलकी लागली आणि हात थांबला. गवयानं गाणं न थांबवता मान वळवली आणि माझ्याकडं नाही, तानपुऱ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

हलगी_घुमकं

काकांचं वाचून बरं वाटलं. पण एक तक्रार करतो. मिरजेच्या संगीताचा विषय निघाला की ख्याल, घराणी, तानपुरे, एवढ्यावरच थांबतो. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर कवलापूर आहे. काळू-बाळू तिथले. जुळे भाऊ, सोंगाड्याचं काम करायचे आणि पब्लिक अक्षरशः आडवं पडायचं. वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षला पठ्ठे बापूराव जन्मले, 1866 साली. कुलकर्ण्यांचा मुलगा फडावर गेला, लावण्या लिहिल्या. त्याच तालुक्यात वाटेगावला अण्णाभाऊ साठे. ही सगळी माणसं कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातली. हा वारसा नाही का?

ताई, तुम्हाला ऐकायचंच असेल तर आटपाडी-जत भागात एखाद्या बिरोबाच्या जत्रेला जा. धनगरी ओवी ऐका. एक जण सांगतो, बाकीचे झेलतात, ढोल आणि कैताळ, आणि रात्रभर चालतं. गजनृत्याला पन्नास-साठ माणसं एका ठेक्यावर झुलतात. त्यांनाही कुणी शिकवायला क्लास काढलेला नाही. आमच्या घरी हलगी होती, आजा वाजवायचा. कातडं ताणायला शेकोटीवर धरायची आणि मग बोटानं टिचकी मारून ऐकायची. काका म्हणतात ते जवारीचं, तेच आहे हे. फक्त त्याला कुणी नाव दिलं नाही.

आजच्या काळात या भागात सगळ्यात जास्त वाजतं काय? बेंजो. गणपतीत, लग्नात, मिरवणुकीत. बेंजो पार्टी नाही असं गाव दाखवा. डॉल्बीनं तीही खाल्लीय म्हणा.

जवारी_बंद

मी वयानं लहान आहे, सांगलीत रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून थोडं उलटं बोलतो. काकांचा आदर आहे. पण गल्लीतली पोरं टिकणार असतील तर ती जुन्या जोडीवर नाही, नव्या मालावर टिकतील. विमानात नेता येईल असा छोटा तानपुरा, पिकअप बसवलेली सतार, भोपळ्याऐवजी लाकडाचा सपाट तुंबा. माझ्याकडं परवा एक मुलगा आला, बारावीतला, सतार आणि गिटार एकत्र लावून ट्रॅक केलेला. सूर थोडा चढा होता पण कल्पना चांगली होती. हे पण मिरजेचंच संगीत आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळीकडं बातम्या आल्या. त्यानंतर माझ्याकडं येणाऱ्या किती जणांनी खरा तानपुरा आणला? एकानंही नाही. सगळे म्हणतात, दादा, तुमच्याकडं सॅम्पल असेल की. आहे. मीच एका दुपारी गल्लीत जाऊन रेकॉर्ड केलंय. खाली रिक्षाचा हॉर्न आला तो काढायला तासभर गेला.

मागचा_तानपुरा

हलगीवाले, तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. तेवढं लिहायचं राहिलं असं मी म्हणणार नाही, सुचलंच नाही, आणि हीच खोड आहे आमची. नॅरोगेजच्या त्या छोट्या गाडीत भोपळ्यांच्या शेजारी ढोल घेऊन बसलेले धनगर मी किती वेळा बघितलेत. भोपळ्यांची पावती फाडली. ढोल काय, माणसाबरोबरचं सामान, त्याची पावती नाही, म्हणून माझ्या वहीत तो आला नाही. हलगी शेकोटीवर धरायचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी उठून एक चक्कर मारून आलो.

जवारीबंद, तुमचं नाव झकास आहे. छोट्या तानपुऱ्याला माझा विरोध नाही. गल्लीत होतात, विकले जातात, त्यावर घरं चालतात. चाचांचा नातू तेच करतो. सांबरशिंगाच्या घोड्या गेल्या, कायद्यानं बंद झालं आणि बरंच झालं. हस्तिदंताची नक्षी त्याच्याही आधी गेली, त्याजागी प्लॅस्टिक आलं. तेव्हाही म्हातारे म्हणाले की संपलं. संपलं नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. वाद्य जोडायला शिकणारी पोरं मिळतात. भोपळा भिजवून कापणं, त्यावर लाकडी तबली बसवणं, रंग, पॉलिश, हे वर्ष-दोन वर्षांत हाताला येतं आणि रोजचा पगार सुटतो. जवारीला चार-पाच वर्षं नुसतं शेजारी बसून ऐकावं लागतं, त्या वेळेचा पगार कुणी द्यायचा? मानांकनाचा कागद चांगला आहे, दुसऱ्या गावचा माल मिरजेचा म्हणून विकणाऱ्याला त्यानं आळा बसेल. पण कागदाला कान नसतो. नातवाला मी म्हटलं, आजोबांची जवारी शीक. तो म्हणाला, काका, गिऱ्हाईकालाच फरक कळत नाही तर मी कुणासाठी शिकू? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून ताईंनी विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. फरक ऐकू येणारं एक गिऱ्हाईक गल्लीत वाढलं तर त्या पोराला एक दिवस बसावं लागेल.

आणि तुमचं ते सॅम्पल मला पाठवा. हॉर्नसकट असलं तरी चालेल. हॉर्न कोणत्या सुरात होता?

पंचगंगाकाठ

मी आपलं गमतीनं लिहिलं होतं, तुम्ही लोकांनी रडवलं. आमच्या गल्लीत गणपतीला सनई-चौघडा ठेवतात, एकाच मंडळात, बाकी सगळी डॉल्बी. ताई कोल्हापूरला आल्या तर देवल क्लबात मीच घेऊन जातो. आणि काका, तुमचा फोटो आला की इथं लावा, अर्धा तर अर्धा.

बदलीवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्या रविवारी गल्लीत गेले. पहिल्या दुकानात त्यांनी नक्षी दाखवली, मोर काढलेला होता, छान होता. काकांचं आठवलं, चहा न घेता बाहेर पडले. दुसरीकडे सगळे कामात होते. तिसऱ्या ठिकाणी एक पंचविशीतला मुलगा होता, त्यानं वाद्य काढलंच नाही. आधी म्हणाला, मावशी, सा लावा. दुकानात, रस्त्यावरून माणसं जाताना! मी लावला. आवाज फाटला. तो काही बोलला नाही, परत लावा म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं हातानं थांबवलं आणि आतून एक जुना, पॉलिश उडालेला तानपुरा आणला. कुणीतरी परत दिलेला. काळी चारचा. त्यानं घोडी काढून कानस घेतली आणि मला पाट दिला.

दीड तास बसले. खरं सांगते काका, मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. त्यानं दोनदा विचारलं, उघडली का. तुमची गोष्ट वाचलेली असल्यामुळे मी नाही म्हणाले. तो खूश झाला. म्हणाला, गिऱ्हाईक नेहमी हो म्हणतं. मग स्वतःच ऐकत बसला, कानस खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी तो म्हणाला आज नाही होत, हात जड आहे, पुढच्या रविवारी या. मला वाटलं टाळतोय. पण गेले, आणि तो पुन्हा पहिल्यापासून बसला. तुमच्या चाचांचा नातू हाच की काय, विचारायचं राहिलं.

तानपुरा काल घरी आणला. ठेवायला जागा म्हणजे मुलीच्या खोलीचा कोपरा. संध्याकाळी लावायला बसले. पंचम लागला असं वाटेपर्यंत जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, उतरायची, जोड धरली की खर्ज. वीस मिनिटं झाली तरी काहीतरी घासल्यासारखं ऐकू येत होतं, कुठून ते कळेना. जवारी बिघडली असं समजून त्या मुलाला फोन करायला उठले आणि स्वयंपाकघरातून जाताना कळलं. फ्रिज. पांढरी पाच आणि माझी काळी चार, शेजारी शेजारी.

फ्रिजचं बटण बंद केलं. दूध आज सकाळी नासलेलं होतं.

मागचा_तानपुरा

ताई, पुढच्या वेळी दूध शेजारी ठेवा. उरसाची तारीख कळली की इथं लिहितो. मागं जोडीला एक हात नेहमीच कमी पडतो, आणि काळी चारची बाई गायला असली तर तुमचाच तानपुरा घेऊन या.